शिकवणाऱ्याचं नाव

९ सप्टेंबर

पाच भाकरी, पाच हजार माणसं — प्रत्येकाच्या वाट्याला किती? हे आजचं गणित. बाबांनी स्वतःच्या हाताने बायबलातून फळ्यावर लिहिलं. मी म्हटलं, एका भाकरीचा हजारावा भाग. पाच वर्षांचा बोका म्हणाला, पोटभर. बाबांनी बोक्याला पैकीच्या पैकी दिले. मला म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे. विश्वास कमी पडला."

नवी वही आहे, तेव्हा आधी हजेरी घेते. आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं लांब टेबल. सकाळी सातला त्यावरच्या बशा उचलल्या की शाळा भरते, दुपारी बशा परत आल्या की सुटते. मुख्याध्यापक बाबा. ते टाय लावून येतात, प्रार्थना घेतात, जगातल्या शाळांमध्ये मुलं कशी बिघडतात यावर दहा मिनिटं बोलतात आणि टाय खुंटीला लावून खाली दुकानात फ्रिज दुरुस्त करायला जातात. शिक्षिका आई. ती शेंडेफळाला कडेवर घेऊन शेगडीपाशी उभी असते आणि मधूनमधून "शांत बसा रे" म्हणते. विद्यार्थी — कप्तान (वय तेरा, सगळ्यांवर हुकूम सोडतो, त्याचं कुणी ऐकत नाही), चष्मिश, दोघी जुळ्या, बोका, त्याच्या पाठचा एक आणि शेंडेफळ. मी सगळ्यांत मोठी, सोळा वर्षांची. वाचन, लेखन, गणित, विज्ञान, नाकं पुसणं, भांडणं सोडवणं — हे खातं माझं.

१३ सप्टेंबर

शनिवार. आत्मपरीक्षणाच्या वह्या तपासायचा दिवस. आम्ही आठवडाभराची पापं लिहायची आणि बाबांनी वाचून खाली सही करायची. त्या वहीसाठी पापं नीट निवडावी लागतात. फार मोठं लिहिलं तर चौकशी होते, काहीच नाही लिहिलं तर गर्व ठरतो. मी आलटून पालटून तीन वापरते — आळस, उलट उत्तर, प्रार्थनेत लक्ष नसणं. चष्मिशने आज माझीच यादी उतरवली. 'मी आईला उलट बोलले' हे त्याने जसंच्या तसं ठेवलं. बाबांनी न वाचता सही केली.

ही वही वेगळी. ही जुन्या शिवणयंत्राच्या खणात राहते.

१९ सप्टेंबर

आज परत विचारलं. तिसऱ्यांदा.

मला दहावीची परीक्षा द्यायची आहे. बाहेरून बसता येतं. फॉर्म दोन पानांचा आहे आणि पालकाची एक सही लागते. एवढंच. गेल्या वर्षी बोक्याचा ताप उतरेना तेव्हा मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याचा रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाल्या, "बघायचंय?" मी बघितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. दोन वर्षांचा कोर्स असतो, दुसऱ्या शहरात राहून करायचा, आणि त्याला दहावी पास लागते. बाईंनी सगळं एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

बाबा फ्रिजच्या मागे तोंड खुपसून होते. तिथूनच म्हणाले, "परीक्षा म्हणजे काय? माणसाने माणसाला मार्क द्यायचे. देव मार्क देतो का?"

मी म्हटलं, शेवटच्या दिवशी देईल असं तुम्हीच सांगता.

आतून पाना पडल्याचा आवाज आला. शनिवारच्या वहीत लिहायला 'उलट उत्तर' आयतंच मिळालं.

२८ सप्टेंबर

चर्चमध्ये उपासनेनंतर पाळक सगळ्यांसमोर म्हणाले, या कुटुंबाकडे बघा, मुलं घरातच घडतात. आम्ही आठही जण ओळीने, उंचीप्रमाणे उभे. बाबांची मान ताठ. मंडळीतल्या एका बाईंनी आईला विचारलं, "सगळं तुम्हीच शिकवता? कमाल आहे." आई म्हणाली, "नाही हो, मोठी शिकवते." बाईंना तो विनय वाटला. "किती नम्र!" म्हणाल्या.

आईची हीच पंचाईत आहे. तिला खोटं बोलता येत नाही. आज्ञा आम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण आई ती पाळते.

७ ऑक्टोबर

शिक्षण खात्याचं पत्र आलं. घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी, तारीख पंधरा. जूनमध्ये खात्याचा फॉर्म आला होता, तो आईने भरला आणि बाबांनी सही केली. आता त्याप्रमाणे तपासणीच्या बाई बघायला येणार.

बाबा म्हणाले, "येऊ देत. आपण काय लपवतोय?" आणि लगेच फळा धुवायला घेतला.

१४ ऑक्टोबर

टेबलाला पॉलिश. बाबांनी पृथ्वीचा गोल आणला, कुणाच्या तरी माळ्यावरचा. त्याचा दक्षिण ध्रुव गायब आहे. बोक्याला ताकीद — विचारलं तेवढंच बोलायचं.

१५ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते आज बघितलं.

तपासणीच्या बाई बरोबर दहाला आल्या. साधी बाई, चपला दाराशी काढायच्या का असं विचारणारी. बाबा टाय लावून. चष्मिशने धडा वाचला, कुठेही अडखळला नाही. जुळ्यांनी पान अन्न कसं तयार करतं ते सांगितलं, एकीने सुरुवात, दुसरीने शेवट. कप्तानाने अपूर्णांकांचा भागाकार केला. बाई लिहून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. ते सगळं मी शिकवलं होतं.

मग बोक्याची पाळी. "दहा बिस्किटं आहेत, मुलं पाच. प्रत्येकाला किती मिळतील?"

"पोटभर," बोका म्हणाला.

बाई थांबल्या. बोक्याला वाटलं उत्तर अर्धं राहिलं. "आणि बारा टोपल्या उरतील." बायबलातल्या गोष्टीत उरतात तशा.

बाबा खोकले. बाई हसल्या नाहीत, त्यांनी तेही लिहून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला शिकवतं कोण?"

सात हात माझ्याकडे वळले. मी बशा पुसत होते. शेंडेफळाला प्रश्न कळला नव्हता, पण सगळे करतात म्हणून त्यानेही बोट केलं.

"मी मुख्याध्यापक आहे," बाबा म्हणाले.

"मुख्याध्यापकाचा रकाना नाही यात," बाई म्हणाल्या. त्यांनी जूनचा फॉर्म काढला आणि वाचून दाखवला. प्रत्यक्ष शिकवणाऱ्याचं नाव — माझं. शिकवणाऱ्याचं शिक्षण — घरीच, चालू. आईचं अक्षर. खाली बाबांची ऐटदार सही. विद्यार्थ्यांची यादी सातजणांची. त्यात मी नाही.

"म्हणजे ही विद्यार्थिनी नाही?"

बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. "ही… ही घरातली आहे," म्हणाले.

शिकवणारा किमान दहावी पास हवा, असा नियम आहे. बाईंनी बाबांना विचारलं. आठवी, मग हातात पाना आला. आईला विचारलं. आई म्हणाली, "दहावीला बसले नाही." बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. नवीन शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आत घरातल्या कुणा एकाने पास होऊन दाखवायचं, नाहीतर सातही मुलं शाळेत घालायची. जाताना माझ्यापाशी थांबल्या. "चांगलं शिकवतेस," म्हणाल्या. मला रडू आलं. बशी पुसत राहिले.

१६ ऑक्टोबर

टाय खुंटीवरच.

दुपारी बाबा आईला म्हणाले, "अगं, लिहायच्या आधी मला विचारायचं तरी."

"प्रत्यक्ष कोण शिकवतं असं विचारलं होतं. मग जे आहे ते लिहिलं."

"तुझं नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही त्याच आठवड्यात मंडळीसमोर खरेपणावर साक्ष दिली होती," आई म्हणाली. टोमणा नव्हता तो. आईला टोमणे मारता येत नाहीत. त्यामुळे बाबांना जास्तच लागलं असावं. ते जेवताना एकही वचन बोलले नाहीत.

२१ ऑक्टोबर

देवाची इच्छा बदलली!

बाबांनी सकाळी टेबलाशी जाहीर केलं — त्यांनी पाच दिवस प्रार्थना केली आणि त्यांना स्पष्ट दिसलं की मोठ्या मुलीने परीक्षेला बसावं. परीक्षा म्हणजे जगाच्या दरबारात साक्ष देणं. मी तीन वेळा विचारलं तेव्हा तो गर्व होता. असो. मेला तो गर्व. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून हसले. कितीतरी वेळ.

५ नोव्हेंबर

फॉर्म भरला. आई म्हणाली, मी पोस्टात टाकते, मला तिकडे जायचंच आहे. शेंडेफळाला घेऊन गेली आणि दोन तासांनी आली. पोस्ट कोपऱ्यावर आहे. आईला रस्त्यात कुणीही थांबवतं.

१६ नोव्हेंबर

आज उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना झाली. बाबांनी विनंती दिली होती. पाळकांनी चिठ्ठी वाचली — "आपल्या या लेकीला दोन चलांतील रेषीय समीकरणं जड जात आहेत." सगळी मंडळी उभी. मी जमिनीत जागा शोधत होते. बाहेर पडताना एका आजींनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. "घाबरू नको गं. ऑपरेशन कधी आहे?"

मी म्हटलं, मार्चमध्ये.

७ डिसेंबर

आज कळलं, आणि मला आधीच कळायला हवं होतं. गणितात मी इतकी हुशार!

पाळक जेवायला आले होते. बाबा बटाटे वाढता वाढता म्हणाले, "एकदा ही पास झाली की चिंता मिटली. शेंडेफळाची दहावी होईपर्यंत शाळा आपली." पाळक आमेन म्हणाले.

शेंडेफळ दोन वर्षांचं आहे. दहावीपर्यंत चौदा वर्षं. तेव्हा मी तीस. मी हळूच प्रयोगशाळेच्या कोर्सचं काढलं. बाबा समजुतीने म्हणाले, "आता कशाला जायचंय तुला? तुला घरातच काम दिलंय देवाने." त्यांना खरंच वाटत होतं की ही आनंदाची बातमी आहे.

म्हणजे नापास झाले तर कोर्स नाही. पास झाले तर जायला मिळणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पोहणं आमच्या अभ्यासक्रमात नाही.

१८ डिसेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

९ जानेवारी

घरात गट पडले आहेत. कप्तान म्हणाला, मी नापास झाले तर तो महिनाभर बशा धुवेल. त्याला शाळेचं मैदान हवंय, खऱ्या गोलपोस्टचं. चष्मिशला शाळेचं ग्रंथालय. बोक्याला घंटा. जुळ्या प्रामाणिक. "ताई, आम्ही रोज प्रार्थना करतो तू नापास व्हावीस म्हणून," एक म्हणाली. "पण थोडक्याने," दुसरी म्हणाली.

रविवारी मंडळी उलटी प्रार्थना करते. वर दोन्ही अर्ज पोचत असतील. निकाल काय लागतो बघू.

१५ जानेवारी

हल्ली मी अभ्यासाला बसले की आई विणकाम घेऊन शेजारी येऊन बसते. मला मोठ्याने बोलून पाठ करायची सवय आहे. आज मध्येच म्हणाली, "हे परत सांग, बोक्याला नाही कळलं." बोका टेबलाखाली झोपला होता. वर्गसमीकरण बोक्याला कळून काय करायचंय? वैतागून परत सांगितलं. नंतर म्हणाली, "अजून एकदा." तिला सोबत हवी असेल. पण मला शांतता हवी.

८ फेब्रुवारी

आज मी आईशी वाईट वागले. त्या शनिवारच्या वहीत हे लिहिणार नाही. ते पाप बाबांच्या सहीसाठी नाही.

गणित चुकत होतं, शेंडेफळाने पेन्सिल चावली होती आणि आई परत विचारायला लागली, हे चिन्ह का बदललं म्हणून. मी वही आपटली. म्हटलं, "तुला काय! तू एक ओळ लिहिलीस आणि मोकळी झालीस. चौदा वर्षं मला भरायची आहेत."

आई विणकाम खाली ठेवून म्हणाली, "ती ओळ मी चार वेळा खोडली होती. तुझं काम माझ्या नावावर लिहायला हात होईना."

"मग स्वतः शिकवायचं होतंस."

"येत असतं तर शिकवलं असतं," आई म्हणाली. एवढंच. शेंडेफळाला उचललं आणि शेगडीपाशी गेली.

मी तिच्या पाठीकडे बघत बसले. सोळा वर्षं मी हिला त्याच जागी बघते आहे आणि मला वाटायचं तिला शिकवायचा कंटाळा आहे. माफी मागायला हवी होती.

२० फेब्रुवारी

प्रवेशपत्र आलं. आईने पोस्टमनकडून घेतलं, माझं मला दिलं. पहिलाच पेपर गणिताचा, तीन मार्च. फोटोत मी कुणालातरी ओरडायच्या बेतात असल्यासारखी दिसते. ओरडतच होते. बोका फोटोवाल्याच्या पडद्यात शिरला होता.

२ मार्च

ठरलं. पेपर कोरा द्यायचा.

बराच विचार केला आहे. मी नापास झाले की सातही जण शाळेत जातील. कप्तानाला मैदान, बोक्याला घंटा. टेबल पुन्हा टेबल होईल. मला बाबा परत कधी फॉर्मवर सही देतील का — बहुतेक नाही. पण निदान मी रिकामी तरी होईन. अठराव्या वर्षी माझी सही मला करता येईल. दोन वर्षं कुठे आणि चौदा कुठे. हे गणित मला नीट येतं.

सगळा अभ्यास झाला आहे, हेच वाईट वाटतं. एकही प्रमेय अडत नाही. रडले थोडी.

३ मार्च

सकाळी आई बाबांना म्हणाली, "मी हिच्याबरोबर परीक्षेला जाते. मुलांकडे बघा." बाबा टाय लावून टेबलाशी बसले. आम्ही निघालो तेव्हा बोका त्यांना काहीतरी विचारत होता आणि ते घड्याळ बघत होते.

बाहेरून बसणाऱ्यांची एकच खोली. मी माझा बाक शोधला. आई अजून माझ्यामागेच. म्हटलं, आता जा तू घरी, आत थांबू देत नाहीत. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढून बाकावर पसरला. प्रवेशपत्र. तिचा फोटो, तिचं नाव, माझ्या आधीचा नंबर. नोव्हेंबरात पोस्टात दोन फॉर्म गेले होते.

"शिकवणाऱ्याच्या त्या रकान्यात नाव तर लागेलच," आई म्हणाली. "माझं लिहू. तू तुझ्या प्रयोगशाळेत जा." आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

मी एकही प्रश्न सोडला नाही. पुरवणी मागायला आईचा हात माझ्याआधी वर गेला.